बैठकीच्या भिंतीवरचा चरख्याचा तिरंगा

जळगावच्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये बैठकीच्या मुख्य भिंतीवर एकच मोठे चित्र लावायचे, आणि तेही १९३१ साली काँग्रेसने स्वीकारलेल्या, पांढऱ्या पट्ट्यावर निळा चरखा असलेल्या तिरंग्याचे, हे घरात सर्वांना मान्य झाले. खोलीच्या रंगांशी जुळते म्हणून एखाद्या परदेशी आरमाराच्या निशाणाचे मोठे चित्र बैठकीत लावावे, असा सल्ला सजावटीत दिला जातो; तो मात्र मी बाजूला ठेवला. मादाम कामांनी २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतील स्टुटगार्ट येथे फडकवलेला आठ कमळांचा ध्वजही अतिशय देखणा आहे. परंतु काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, फैजपूरला भरले, आणि ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये पोलिसांच्या गोळीला बळी पडलेला शाळकरी शिरीषकुमार तिरंगा घेऊनच निघाला होता. असा वारसा लाभलेल्या मुलखात रंगसंगती जुळते एवढ्यासाठी परक्या आरमाराचे निशाण भिंतीवर चढवणे मला पटत नाही.

सोफा सात फुटी असल्याने, चित्राची रुंदी त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश असावी या हिशेबाने, साडेचार फूट रुंद आणि तीन फूट उंच प्रिंट घेतली. एका जुन्या खादीच्या झेंड्याच्या छायाचित्रावरून ती काढलेली असल्यामुळे हातसुताचे जाड-बारीक धागे स्पष्ट दिसतात, आणि चरख्याच्या आऱ्यांशी निळा रंग विणीत किंचित पसरलेलाही दिसतो. लहान आकारात यातले काहीच हाती लागले नसते. अशा चित्राभोवती बाकीच्या खोलीने गप्प राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून भिंत फिकट पांढरी, सोफा राखाडी आणि चौकट साध्या सागाची ठेवली; केशरी-हिरव्या उशा मुद्दाम टाळल्या, कारण त्यांनी बैठकीला समारंभाच्या मंडपाची कळा येते.

मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडणाऱ्या आपल्या भागात खरा शत्रू ऊन आहे. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळावी, छपाई पिगमेंट शाईची घ्यावी, वर अतिनील किरण अडवणारे अॅक्रिलिक बसवावे आणि पावसाळ्यातील ओलीसाठी चौकटीमागे बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवावी.

हा आजचा राष्ट्रध्वज नसला, तरी ध्वजसंहितेतील मांडणीच मी पाळली: आडव्या चित्रात केशरी पट्टा वर, आणि उभे लावल्यास तो पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला. पडदा, उशीचा अभ्रा किंवा टेबलावरचे कापड म्हणून मात्र हे चित्र कुणीही छापून घेऊ नये.