माझं पत्र मलाच येईना

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला सचिवकाकांचा फोन आला. "अरे, वार्षिक सभेची नोटीस टाकली, माझं पत्र मलाच येईना की रे!"

काका पोस्टातून निवृत्त झालेले, आता आमच्या बेळगावच्या शहापुरातलं वाचनालय सांभाळतात. मी दिवसा उद्यमबागेत एका फाउंड्रीचे हिशेब लिहितो. कॉम्प्युटरची कामं रात्रीची, हौसेची. वाचनालयाचे निम्मे सभासद पुण्याला नाहीतर गोव्याला गेलेत, म्हणून भाड्याच्या सर्व्हरवर पोस्टफिक्स (मेल पोचवणारा प्रोग्राम) आणि मेलमन 2.1 (एकाचं पत्र यादीतल्या सगळ्यांना वाटणारा प्रोग्राम) बसवलं होतं. एका पत्त्यावर लिहायचं, सगळ्यांना जातं. व्हॉट्सॲप आहेच, पण तिथं सभेची नोटीस शुभ सकाळच्या गुलाबांखाली दहा मिनिटांत गाडली जाते.

मी लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडेपर्यंत काकांनी तीच नोटीस आणखी तीनदा टाकली. सभासदांना चार-चार नोटिसा, काकांना एकही नाही. "सगळ्यांना गेलंय वो काका," म्हणालो, पण त्यांचा विश्वास बसेना. मलाही कारण माहीत नव्हतं. दोन रात्री स्पॅम शोधण्यात घालवल्या. कारण साधं निघालं. प्रत्येक मेलला मेसेज-आयडी, म्हणजे स्वतःची वेगळी ओळखखूण, असते. आपण पाठवलेली प्रत 'सेंट'मध्ये असतेच. तेच पत्र यादीवरून फिरून आलं तरी आयडी तोच, म्हणून जीमेल दुसरी प्रत इनबॉक्समध्ये दाखवत नाही. बिघाड कसलाच नाही, ठेवणच तशी.

लॉगमध्ये मात्र त्याहून वाईट गोष्ट सापडली. जीमेलवाले बावीस सभासद 'डिसेबल्ड'! त्यांना पत्रं जायचीच बंद झाली होती. त्यांनी काहीच केलं नव्हतं. केलं होतं मुंबईच्या एका आजोबांनी, तेही नकळत. आजोबांचा पत्ता जुना, याहूचा, आणि रोज सकाळी एक आठवण लिहायची सवय.

एप्रिल 2014 मध्ये याहूने डीमार्कचं, म्हणजे आपल्या नावाने आलेल्या खोट्या मेलचं काय करायचं ते सांगणारं, धोरण कडक केलं: आमच्या नावाचं पत्र आमच्या सर्व्हरवरून आलं नसेल, किंवा त्यावर आमची सही शाबूत नसेल, तर परत पाठवा. आता मेलमन काय करतं? आजोबांचं पत्र घेतं, विषयाच्या आधी चौकटी कंसात वाचनालयाचं नाव घालतं, खाली तळटीप जोडतं, आणि 'फ्रॉम'मध्ये आजोबांचाच पत्ता ठेवून आमच्या सर्व्हरवरून धाडतं. मजकूर बदलला की डीकेआयएमची, म्हणजे पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल, सही मोडली. एसपीएफनेही (कुठल्या सर्व्हरला डोमेनच्या नावाने मेल पाठवायची मुभा आहे ती यादी) भागेना, कारण सर्व्हर याहूचा नाही. जीमेलने याहूचं म्हणणं पाळून पत्र परत केलं. मेलमनला वाटलं, घेणाऱ्याचाच पत्ता खराब. पत्र परत आलं की दिवसाला फार तर एक गुण, पाच गुण झाले की सभासद बंद. आजोबांच्या आठवणी रोजच्या, त्यामुळे आठवडाभरात बावीस जण गळाले. चूक माझीच, जुन्या सेटिंग्जना मी हात लावला नव्हता.

हे काकांना कसं सांगावं, या विचारात होतो. पण त्यांनीच विचारलं, "म्हणजे पाकिटावर पाठवणारा मुंबईचा, शिक्का बेळगावचा, आणि आतलं पत्र कुणीतरी फोडून चार ओळी जास्त लिहिल्यात? असलं पाकीट आम्हीपण बाजूला काढलं असतं."

इलाज मेलमनमध्येच होता. 2.1.18 पासून 'डीमार्क मॉडरेशन ॲक्शन' नावाचं सेटिंग आहे. त्यात 'मंज फ्रॉम' निवडलं. आता कडक धोरणाच्या पत्त्यावरून पत्र आलं की 'फ्रॉम'मध्ये यादीचा पत्ता लागतो, नावापुढे 'व्हाया' येतं आणि मूळ पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये जातो. दुसऱ्या दिवशी दोघांनी विचारलं, "हे व्हाया कोण?" काका म्हणाले, "बेळगाव-कोल्हापूर व्हाया निपाणी, तसंच की!"

बाकीचं पटापट उरकलं. आमच्या डोमेनला एसपीएफ लावलं, ओपनडीकेआयएम या प्रोग्रामने सही सुरू केली, सर्व्हरचं उलटं डीएनएस (आकडी पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) नीट केलं. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू हे फार काटेकोर बघतात. जीमेलच्या पत्त्यांवर रोज 5000च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही लागतात. आमची पत्रं दिवसाला काही शेच, तरी तिन्ही लावून टाकली. मग जीमेलमध्ये मूळ संदेश उघडून बघितला. तिन्ही ओळींपुढे 'पास'! दहावीच्या निकालाला इतकं बरं वाटलं नव्हतं.

तळटिपेतली मराठी मात्र अजून प्रश्नचिन्हं होऊन येत होती. मराठीपुढचं प्रश्नचिन्ह आमच्या भागात नवं नाही, पण हे निदान मिटण्यासारखं होतं. मेलमनची इंग्रजी यादी यूएस-ॲस्की, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांचा जुना संच, धरून चालते; एमएम_सीएफजी या सेटिंगच्या फाइलमध्ये ती यूटीएफ-8, म्हणजे मराठीसकट सगळ्या लिप्यांचा संच, केल्यावर अक्षरं दिसली.

राहिले काका. त्यांची प्रत इनबॉक्समध्ये येणार नव्हतीच. त्यांच्या सभासदत्वाच्या पानावर मी एक खूण केली: आपलं पत्र यादीला मिळालं की मेलमन तसं कळवतं. हा मेल वेगळा, त्याचा आयडीही वेगळा, त्यामुळे तो दिसतो. "हां, म्हणजे पोच!" काका खूश. आता नोटीस टाकली की ते पोच छापून घेतात, तारीख घालतात आणि जुन्या रेक्झिनच्या फायलीत लावतात. तीच नोटीस दुसऱ्यांदा काही टाकत नाहीत.