काका, ओल आलीय

भाडेकरूचा फोन सकाळी साडेसातच्या आत आला तर तो पाण्याचाच असतो. भाड्याबद्दल काही सांगायचं असतं तर तो दुपारी आला असता, किंवा आलाच नसता. "काका, खालच्यांच्या छताला ओल आलीय" हे वाक्य, ज्याने एखादा फ्लॅट स्वतः सांभाळून भाड्याने दिलाय, त्याला झोपेतही ओळखू येतं. फ्लॅट देताना माणूस घोर लावून घेतो तो कागदपत्रांचा, आणि पुढचे अकरा महिने छळतं ते नहाणीघर.

ओल दिसली की प्लंबर पहिल्या झटक्यात फरशी फोडायला निघतो. त्याला हातोडा खाली ठेवायला सांगावं. आधी त्या बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद करून दोन-तीन दिवस ते वापरायचं नाही. (भाडेकरूचे दुसऱ्या बाथरूममध्ये हाल होतात, तेवढे सोसावे लागतात.) तेवढ्यात खालचा डाग सुकायला लागला, तर पाईप भरलेला असतानाच गळतोय की पाणी सांडल्यावर, हे शोधायचं. व्हॉल्व्ह उघडून दोन दिवस कोणी आंघोळ करायची नाही. तरी ओल परतली तर भिंतीतला पाईप. परतली नाही तर संशय फरशीच्या सांध्यांवर आणि नहाणी ट्रॅपच्या (फरशीतलं पाणी ज्यातून ड्रेनेजला जातं त्या जाळीखालच्या भांड्याच्या) कडेवर. मग ट्रॅपला बोळा घालून रंगीत पाणी दोन बोटं भरून ठेवायचं, चोवीस तास. खाली रंग दिसला की चोर सापडला. तेही बहुतेक वेळा सगळी फरशी न उखडता भागतं: सांध्यातलं भुसभुशीत झालेलं व्हाइट सिमेंट खरवडून काढायचं, पूर्ण सुकू द्यायचं आणि इपॉक्सी ग्राउट (सांधे बुजवायचा राळेचा मसाला) भरायचं. ओलसर सांध्यात ग्राउट भरलं की ते धरत नाही, आणि घाईत चुकतं ते नेमकं इथेच.

कमोडची टाकी त्याहून गरीब आवाजात गळते. टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाकायचे आणि वीस मिनिटं फ्लश करायचा नाही. भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेला. तो बदलायला दहा मिनिटं लागतात. गिझरची तऱ्हा उलटी. गरम होताना त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब गळणं हे बरोबरच असतं. पाणी तापून फुगतं, त्याला वाट हवी असते. पण थेंब बघून कुणीतरी तिथे बूच मारतं आणि ती वाटच बंद करतं. तसं करायचं नाही, हे भाडेकरूला पहिल्याच दिवशी सांगितलेलं बरं. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर वर्षातून एकदा आतला क्षार काढावा आणि ॲनोड रॉड, म्हणजे टाकीऐवजी स्वतः झिजणारी आतली धातूची कांडी, बघावा. तो झिजला की टाकीच गंजायला लागते.

आता कागदाचं. महाराष्ट्रात अकरा महिन्यांच्याच भाडेकराराचा हट्ट कशासाठी धरतात हे कोडंच आहे. एका वर्षापेक्षा कमी मुदतीला नोंदणी लागत नाही, ही जुनी समजूत नोंदणी कायद्यातून आली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार इथे मुदत कितीही असो, करार नोंदवावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. त्याहून वाईट म्हणजे वाद झाला तर, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत, अटी भाडेकरू सांगेल त्या. नोंदलेला करार संपल्यावर भाडेकरू हललाच नाही, तर कलम २४ मालकाच्या बाजूने उभं राहतं, आणि मुदत संपल्यानंतरच्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते.

खर्च किती? भाडं २०,००० आणि अनामत १ लाख धरा. ११ महिन्यांचं भाडं २,२०,०००, त्यात अनामतीवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज सुमारे ९,१६७. या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे सुमारे ५७३ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. तीन वेळा अकरा करण्यापेक्षा एकदाच ३३ महिन्यांचा करार केला, वर्षाची भाडेवाढ आणि एका महिन्याची नोटीस आत लिहिली, तर फी एकदाच जाते. अंगठे द्यायचे हेलपाटेही एकदाच. सोसायटीने बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतलेला आकार) लावलं तर ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपुढे जात नाही ना, एवढं बिल उलटून बघावं.

विजेचं मीटर मालकाच्याच नावावर राहतं आणि भांडण तिथूनच निघतं. बिल येतं पुढच्या महिन्यात, माणूस जातो या महिन्यात. म्हणून किल्ली देताना आणि घेताना, दोन्ही दिवशी, मीटरच्या आकड्याचा फोटो. त्याच मोबाईलने भिंती, पंखे, चाव्यांचा जुडगा, ड्रिल केलेली भोकंही टिपून घ्यावीत आणि लगेच एकमेकांना पाठवावीत. अनामतीतून काय कापायचं हे त्या फोटोंवरून ठरतं. मात्र उन्हाने उतरलेला रंग हा भाडेकरूच्या माथी मारायचा नसतो, ते नैसर्गिक झिजणं.

भाडेकरू गेला आणि दोन महिने फ्लॅट रिकामा राहिला, की आणखी एक फोन येतो, या वेळी शेजाऱ्यांचा: वास येतोय. नहाणी ट्रॅपमध्ये जेमतेम दोन इंच पाणी साचलेलं असतं, तेच ड्रेनेजचा वास आणि झुरळं अडवतं. न वापरल्यावर ते आटतं. कुलूप लावण्याआधी प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि वरून चमचाभर खोबरेल सोडून जायचं.