तुम्ही विचारलंत म्हणून: ‘रत्न’ का नाही?

आमच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात चांगलं काम करणाऱ्यांना आम्ही ‘योगदान सदस्य’ म्हणतो. इतकं कोरडं नाव का, ‘खान्देशरत्न’ का नाही, हे जळगावात भेटेल तो विचारतो.

अहो, आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर दर वाढदिवसाला एक रत्न उगवतं. त्यात आमचं कुठं दिसणार?

नाव ठरवायला हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी ठेवली होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती, धुरानं डोळे चुरचुरत होते. एकानं ‘भाऊ’ सुचवलं. इकडे त्याहून मोठी पदवी नाहीच. सॉफ्टवेअरमधल्या मेनूंचं मराठी करणारी अमळनेरची मुलगी पुरी हातात धरून म्हणाली, “आणि माझ्या प्रमाणपत्रावर काय? कुमारी भाऊ?” भाऊ तिथंच बाद.

मग बाहेरच्या कंपन्या आणि प्रकल्प अशा मंडळींना काय म्हणतात ते पाहिलं. डॉकर म्हणजे सॉफ्टवेअर ‘कंटेनर’मध्ये भरून चालवायचं साधन; त्यांचे ‘कॅप्टन’ त्यांना शोभतात, कारण बोधचिन्हातच कंटेनर वाहणारा देवमासा आहे. जावा या प्रोग्रामिंग भाषेचे ‘चॅम्पियन’, ॲमेझॉनच्या क्लाउडचे ‘हीरो’. आपल्याकडे बायोडेटात ‘हीरो’ लिहून बघा! मला भावलं ते मायक्रोसॉफ्टचं १९९३ पासूनचं एमव्हीपी, म्हणजे ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल’. नाव खेळाच्या मैदानावरचं, ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर’, पण ‘प्लेअर’च्या जागी ‘प्रोफेशनल’ घातलं आणि ते ऑफिसात चालून गेलं.

आमचं ‘तज्ज्ञ’ जवळजवळ पक्कं झालं होतं. पण चुका नोंदवणारी, भाषांतर करणारी मंडळी स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घेईनात. ‘प्रमाणित’ म्हटलं तर परीक्षा कुठं झाली विचारतात, ‘मान्यताप्राप्त’ म्हटलं तर शासनाची का. डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पानं २०१० मध्ये मतदान घेऊन, पॅकेज (म्हणजे सॉफ्टवेअरचे बसवायला तयार गठ्ठे) न बांधणाऱ्यांनाही प्रकल्पाचे पूर्ण सदस्य करून घ्यायचं ठरवलं होतं. ‘सदस्य’ तिथून उचललं. वर्ष आणि काम मात्र प्रमाणपत्रावर नावाखालीच छापायचं, हा माझा हट्ट: ‘योगदान सदस्य, २०२४, भाषांतर’. वर्षाशिवायचा सन्मान भिंतीवर पिवळा पडतो.

अमळनेरच्या मुलीनं ते पुण्याच्या मुलाखतीत पुढं ठेवलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी शेवटच्या शब्दावर बोट ठेवून विचारलं, “भाषांतर म्हणजे नेमकं काय केलंत?” पुढची पंधरा मिनिटं ‘सेव्ह’ला ‘जतन करा’ की ‘साठवा’ यावरच गेली. नोकरी तिथं नाही लागली. पण बाईंचं मत ‘साठवा’ला पडलं, आणि ती अजून ‘जतन करा’वरच अडून आहे.