आमच्या शॉर्टफिल्मची वही : फोन, तांडेल आणि ओहोटीची वेळ

12 जून

मासेमारी बंदीचे बारा दिवस गेले. हर्णैच्या बऱ्याचशा होड्या आंजर्ल्याच्या खाडीत येऊन लागल्यात, काहींवर ताडपत्र्याही चढल्या. म्हणजे 31 जुलैपर्यंत आम्हाला होडी फुकट आहे, फक्त ती जागची हलणार नाही.

मागच्या नोंदीत पटकथेचा पहिला खर्डा झाल्याचं लिहिलं होतं. चौदा पानं. तो आता कपाटात आहे, कारण काल रात्री 'आमिर' पुन्हा पाहिला. (पाहिला नसेल त्यांनी इथेच थांबा, मी शेवटही सांगणार आहे.)

राजकुमार गुप्तांचा हा पहिला चित्रपट, 6 जून 2008 ला लागलेला. राजीव खंडेलवालचाही पहिलाच. लंडनहून परतलेला डॉक्टर विमानतळाबाहेर येतो, घरचं कुणी घ्यायला आलेलं नाही, कुणीतरी त्याच्या हातात फोन टाकून निघून जातं. फोनवरचा माणूस सांगतो, तुझ्या घरचे आमच्याकडे आहेत. इतकंच भांडवल, आणि त्यावर अख्खी मुंबई पायाखाली घातली आहे.

या वेळी वही घेऊन बसलो आणि तो माणूस काय काय मागतो ते उतरवलं. अमुक ठिकाणी जा. जेवून घे. या नंबरवर फोन लाव. ही लाल सुटकेस उचल. एकही मागणी अशी नाही की ऐकल्याबरोबर माणूस "मेलो तरी करणार नाही" म्हणेल. बसमध्ये सुटकेस ठेवून उतर, हे अगदी शेवटी येतं, तोवर तो एवढ्या पायऱ्या उतरलाय की मागे वळायला जागाच उरलेली नाही. आणि गजराज रावांचा आवाज! सबंध चित्रपटात बहुतेक वेळ नुसता आवाजच, तोही क्वचित चढतो. जावयाला आग्रह करून वाढावं तसा बोलतो. माझा खलनायक दुसऱ्याच पानावर "गोळी घालीन" म्हणून ओरडतोय. म्हणून खर्डा कपाटात.

आपल्यासारख्यांना उभारी देणारी एक गोष्ट : 'आमिर'चं मूळ 'कविते' नावाच्या 2005 च्या फिलिपिनो चित्रपटात आहे. दोन दिग्दर्शक, हातात छोटा कॅमेरा, आणि त्यांच्यातलाच एक नायक. तेव्हा बजेट नाही ही सबब आजपासून बंद.

19 जून

मोठी अडचण. आमचा नायक डॉक्टर नाही, तांडेल आहे, म्हणजे मासेमारी होडीचा प्रमुख. त्याला फोन येतो, "तुझा मुलगा आमच्याकडे आहे, होडी घेऊन सांगतो तिथे ये." ठीक. बंदर सोडलं, सुवर्णदुर्ग मागे पडला, आणि आणखी थोडं आत गेल्यावर मोबाईलची रेंज गेली. आता धमकी कुठून येणार? 'आमिर'मध्ये गल्लीतला प्रत्येक माणूस पाळतीवर असू शकतो, पानवालासुद्धा. समुद्रात पाळत ठेवायला आहे कोण? सीगल?

मित्र म्हणाला, सॅटेलाइट फोन दाखवू. मी म्हटलं, तो आणायचा कुठून, आणि विनापरवाना आणला तर आपल्याला सोडवायला कोण येणार?

मग 'कुबेर' आठवलं. 'आमिर' लागला त्याच वर्षीचा नोव्हेंबर. पोरबंदरचा ट्रॉलर भर समुद्रात पळवला, चार खलाशांना मारलं आणि तांडेलाला तेवढं जिवंत ठेवलं, कारण मुंबईवर हल्ल्याला निघालेल्या त्या दहा जणांना तिथपर्यंत आणणारा माणूस हवा होता. मुंबई जवळ आल्यावर त्यालाही मारलं आणि ते रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत उतरले. दरवर्षी 26 नोव्हेंबरला आपण खूप नावं घेतो. त्या तांडेलाची गोष्ट किती जणांना ठाऊक असते?

ती घटना पडद्यावर आणायची नाही, ते आमचं काम नाही. पण गाठ सुटली. धमकी होडीतच बसलेली हवी. आणि इथे आमचा माणूस त्या डॉक्टरपासून वेगळा होतो. डॉक्टरकडे फोनवाल्याला हवं असं एकच होतं, त्याचे दोन हात. ते दुसऱ्या कुणाचेही चालले असते. तांडेलाकडे समुद्र आहे. किनारा दिसेपर्यंत त्याच्याशिवाय कुणाचं पान हलत नाही, आणि किनारा दिसला की त्याची गरज संपली. ज्या किनाऱ्याकडे माणूस एरवी डोळे लावून बसतो, त्याच्याच दिव्यांची त्याला भीती वाटायला लागते. नवा खर्डा इथून सुरू.

27 जून

नायकाच्या नावावरून वाद. 'आमिर'मध्ये फोन येण्याआधीच, विमानतळावर बॅगा तपासणारा अधिकारी त्याच्याकडे संशयाने बघतो. सगळा पेच त्या नावातून फिरतो. आमच्याकडे कोळीही आहेत, दालदी म्हणजे मुसलमान मच्छीमारही आहेत. मित्राचं म्हणणं, दालदी ठेव, धार येईल. मला वाटतं ती उसनी धार होईल. 1993 मध्ये मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स शेखाडीला उतरलं, तेव्हापासून या किनाऱ्यावर रात्री उशिरा येणाऱ्या कुठल्याही लाँचकडे लोक दोनदा बघतात, तांडेल कुणीही असो. संशय आमच्या वाट्याला आधीच आलाय. तेव्हा त्याला सगळे नुसतं 'तांडेल' म्हणणार.

29 जून

शेवट सुचला होता आणि मी खूश होतो. तांडेल मुद्दाम ओहोटीला होडी खाडीच्या तोंडाशी गाळात रुतवतो. मध्यरात्र, अष्टमीचा अर्धा चंद्र, होडी कलते, हत्यारवाले अडकतात.

शेजारच्या काकांना वाचून दाखवलं. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस. डोळे मिटून ऐकत होते.

"तिथी कुठली घेतलीस?"

"अष्टमी. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी. बरोबर ना?"

"हिशेब बरोबर. पण अष्टमीला भांग असतो रे बाबा. पाणी भरत नाही तसं उतरतही नाही. तुझी होडी आरामात आत येईल आणि तुझा तांडेल फुकट मरेल."

मी गप्प.

"उधाण घे. अमावास्या. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, त्यात सहा तास मिळव."

म्हणजे पहाटे सव्वापाच. अख्ख्या पटकथेचं घड्याळ पाच तास पुढे सरकलं. आधी वैताग आला, मग लक्षात आलं की फायदाच आहे. रात्रीचं शूटिंग आमच्या मोबाईलला झेपत नाही, पडदाभर नुसते दाणे दिसतात. पहाटेचा करडा उजेड चालून जाईल.

उठताना काका म्हणाले, "आणि तुझे ते बंदूकवाले सारखे उभे कसे? लाटेवर दोन्ही हातांत बंदूक धरून उभं राहून दाखव आधी." तेव्हा एक बंदूकवाला आता पान चार ते पान नऊ ओकतोय. तांडेल त्याला लिंबू देतो. माझ्या मते हा आत्तापर्यंतचा सगळ्यात चांगला प्रसंग आहे आणि त्यात संवाद एकही नाही.

7 जुलै

तुम्ही करू नका म्हणून लिहितोय. खेळण्यातली रायफल गोणपाटात गुंडाळून खाडीवर नेली. नळी बाहेर आली होती. किनाऱ्यावर नजर ठेवणाऱ्या सागर रक्षक दलातला एक ओळखीचा मुलगा दुरून बघत होता. त्याने हाक मारली नाही, सरळ फोन लावला. वीस मिनिटांत गाडी आली. त्याचं काही चुकलं नाही. ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरला भरकटत आलेल्या होडीत तीन एके-47 सापडल्या होत्या, त्यानंतर इथे गोणपाट म्हणजे नुसतं गोणपाट राहिलेलं नाही. दोन तास बसवून ठेवलं, पटकथा वाचायला घेतली, चहा दिला. एका हवालदारांनी सुचवलं की बंदूक दाखवूच नका, गोणपाटच दाखवा. सूचना घेतली आहे. रीतसर अर्जही दिला.

15 जुलै

होडीवर पहिली चाचणी. चित्र बरं, आवाज भंगार. ताडपत्रीवरचा पाऊस सगळं गिळतो. डबिंग करावं लागेल, तेही दुपारी शेजारची गिरणी बंद असताना.

शेवटचं पान अजून अडलंय. 'आमिर'मध्ये तो सुटकेस बसमधून उचलून बाहेर आणतो आणि छातीशी धरून मरतो, बातम्यांत मात्र अतिरेकी ठरतो. बसमधल्या माणसांना कधीच कळत नाही. आमचा तांडेल मरत नाही. सकाळी होडी कललेली, गाव जमलेलं, आणि कुणीतरी म्हणतं, "एवढी वर्षं होडी मारतो आणि ओहोटी कळली नाही? प्यायला असणार." त्याने यावर काही बोलावं का? मित्र म्हणतो एक वाक्य तरी हवं. मी चार लिहिली आणि चारही खोडली.

येत्या अमावास्येला खाडीच्या तोंडाशी गाळ किती उघडा पडतो ते बघायला जातोय. सव्वापाचची ओहोटी. काका म्हणाले, साडेचारलाच या, पाणी उतरताना बघायचं असतं.