तुळस आणि मायकोरायझा : दुसऱ्या हंगामाची नोंद

मंडळी, यंदा तुळशीच्या मुळांत मायकोरायझा, म्हणजे झाडाच्या मुळांत राहून त्याच्याशी देवघेव करणारी बुरशी, दिसली!

गेल्या साली प्रत्येक कुंडीत मूठभर सुपर फॉस्फेट घातलं आणि अख्खा हंगाम हातचा गेला. बुरशी झाडाला स्फुरद (फॉस्फरस) आणून देते, झाड तिला साखर आणि स्निग्धांश देतं. स्फुरद आयतं मिळालं की झाड तिला मुळांत फारसा थारा देत नाही. यंदा खताचा एक दाणा घातला नाही.

माती अमळनेरच्या आमच्या शेतातली, दादर ज्वारीच्या वावराच्या बांधावरची. तिथे नांगर फिरत नाही, गवताची मुळं कायम जिवंत असतात. आधी तिच्यात मका लावून बुरशी वाढवून घेतली. मका उपटून धुतला तर बारीक मुळं हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखी पिवळट! मक्यात बुरशी शिरली की असा रंग येतो.

मग तुळशीच्या 12 कुंड्या, सगळ्यांत वाफवलेली माती. सहांत मक्याखालची जिवंत माती मिसळली. उरलेल्या सहांत तीच माती, पण कुकरमध्ये वाफवून. शिवाय जिवंत माती पाण्यात ढवळून, फिल्टर कागदातून गाळलेलं पाणी. त्यातून जिवाणू खाली उतरतात, बुरशीचे जाडे बीजाणू वर अडकतात. हे कराच, नाहीतर फरक बुरशीमुळे पडला की जिवाणूंमुळे, ते कळायचं नाही.

मुळं रंगवायला शाई आणि पांढरं व्हिनेगर पुरतं. 1998 पासून ही पद्धत रूढ आहे. आधी 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मुळं गरम करून पारदर्शक करायची (हातमोजे आणि चष्मा घालूनच), व्हिनेगरने धुवायची, मग व्हिनेगरमध्ये कालवलेल्या 5 टक्के शाईत टाकायची. सूक्ष्मदर्शकाखाली मुळाच्या एकेका पेशीत बुरशीचं निळं झाड फांद्या पसरून बसलेलं दिसलं. स्फुरदाची देवघेव तिथेच चालते. हे झाड जेमतेम काही दिवस टिकतं आणि विरतं. मी कितीतरी वेळ तिथून डोळा काढला नाही.

आता मुद्द्याचं. तुळशीचा वास पानावरच्या तेलग्रंथींत असतो. तुळशीच्या लग्नाआधी सारख्या वयाची पानं घेऊन खालच्या बाजूचे चकाकणारे ठिपके मोजले. बुरशीवाल्या सहांपैकी चार झाडांत ते दाट होते, दोनांत फरक नाही. आईला न सांगता पानं चुरगळून हुंगायला दिली. बुरशीवालं पान नाकाशी धरून म्हणाली, "हाई जास्त झनझनीत शे." तरी युजेनॉल (तुळशीच्या तेलातला वासाचा घटक) वाढलं असं मी म्हणणार नाही, ते प्रयोगशाळेतच मोजावं लागतं. शिवाय एकाच झाडावर एक बुरशी तेल वाढवते, दुसरी वाढवत नाही, हे गोड तुळशीच्या (बेसिलच्या) अभ्यासांत दिसलेलं आहे. माझ्या मातीत कोणकोणत्या जाती आहेत, हे अजून ओळखायचं आहे.

पुढची पाळी अश्वगंधाची. तिथे औषध मुळांतच, म्हणजे बुरशीच्या घरातच. थोडी माती सावलीत सुकवून ठेवली आहे. धुळे-नंदुरबारकडे मुरमाड जमिनीत कुणी करून बघणार असेल, तर वाटीभर देतो.