काळी दोनची साथ

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी मी हसून विषय बदलते. प्रश्न असा असतो: कार्यक्रम करत नाही, शिकवत नाही, परीक्षा दिल्या नाहीत, यूट्यूबवर काही टाकत नाही, मग इतकी वर्षं गिटार वाजवता तरी कशासाठी? ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात डबा खाताना हा निघतो, लग्नकार्यात निघतो. ठाणे-वाशी लोकलमध्ये पाठीवर बॅग दिसली की अनोळखी बायकाही सरकून जागा देतात आणि विचारतात, "कुठे प्रोग्राम आहे?" प्रोग्राम नाही, कोपरखैरण्याला मैत्रिणीकडे चाललेय, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा असा पडतो की दिलेली जागा परत घेतील असं वाटतं.

"आवड आहे म्हणून" असं सांगून सुटता येतं. पण आवड मला भरतकामाचीही होती, जलरंगांचीही होती. त्यांचे डबे माळ्यावर आहेत. आवडीने माणूस सुरुवात करतो, पुढे कशावर टिकतो ते निराळं. मी टिकले ते कुणाचं तरी गाणं माझ्यावाचून अडायला लागलं म्हणून. हे उत्तर डब्याच्या वेळात मावत नाही, म्हणून इथे लिहिते.

गिटार मूळची माझी नाहीच. मुलीला सुट्टीतल्या क्लासला घातलं तेव्हा घेतलेली, यामाहाची एफ ३१०; आपल्याकडे पहिली गिटार म्हणून अर्ध्या घरांत हीच येते. मुलगी एफ कॉर्डपर्यंत पोचली आणि थांबली. कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर. एफ म्हणजे पहिल्याच फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गळ्यावर ठोकलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्या) पहिल्या बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायच्या आणि उरलेल्या बोटांनी पुढचा आकार धरायचा. नट म्हणजे गळ्याच्या टोकाची, तारा ज्या खाचांत बसतात ती पट्टी; तिच्या अगदी लगत तार दाबायला सगळ्यात जास्त जोर लागतो. त्यात स्वस्त गिटारींचे नट बहुधा उंच ठेवलेले असतात, त्यामुळे तारा फ्रेटपासून लांब राहतात. पोरांना वाटतं आपल्याच बोटांत दम नाही. पुष्कळदा दोष गिटारीचा असतो. कुणी जाणता माणूस नटाच्या खाचा जरा खोल करून देतो आणि तीच एफ एका दुपारीत वाजायला लागते. हे क्लासात पहिल्या दिवशी का सांगत नाहीत, मला माहीत नाही.

मुलीचं सोडणं अजिबात जगावेगळं नव्हतं. फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीचे तेव्हाचे प्रमुख अँडी मूनी यांनी उघडच सांगितलं होतं की पहिल्यांदा गिटार घेणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक वर्षभरात ती सोडतात, बरेचसे तर पहिल्या ९० दिवसांतच. विकणाऱ्यानेच हे सांगावं ही कमाल. २०१७ मध्ये त्यांनी ऑनलाइन धडे काढले ते ही गळती थांबवायला. धड्यांनी किती थांबते कोण जाणे. माझ्या पाहण्यात तरी धडे कमी पडले म्हणून कुणी गिटार सोडलेली नाही. धडे ढीगभर आहेत, फुकट आहेत. नसतं ते वाजवण्याचं निमित्त.

मुलीने ठेवून दिलेली गिटार मी उचलली, चार-पाच कॉर्ड बसवले, बोटांच्या टोकांना घट्टे पडले. मग तेच चार-पाच कॉर्ड तसेच घोळवत राहिले. मीही त्या ९० टक्क्यांत गेलेच असते. पण आमच्या वर्तकनगरच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची पेटी दुरुस्तीला गेली आणि तिकडचीच झाली. आज देतो, उद्या देतो, भाता मिळत नाही, मग फोनच बंद.

काका सत्तरी ओलांडलेले. रेल्वेतून निवृत्त. तरुणपणी रीतसर गाणं शिकलेले, नाट्यपदं आणि अभंग हा त्यांचा खरा प्रांत. महापालिकेचा पं. राम मराठे समारोह गडकरी रंगायतनला असला की काका पुढच्या रांगेसाठी तासभर आधी जाऊन उभे. दर शनिवारी त्यांच्याकडे चारपाच जण जमायचे. पेटी गेल्यावर शनिवार लंगडा झाला. मोबाइलवर तानपुरा लावून गायचे, पण मधल्या जागा भरायला कुणी नाही. एकदा लिफ्टमध्ये मला म्हणाले, "अगं, तू ते गिटार वाजवतेस ना? काळी दोन येते का तुला?"

मला काळी दोन म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. मला ए, सी, डी, जी ठाऊक. पेटी वाजवणाऱ्यांच्या घरी पट्ट्यांवरून बोलतात: सी ती पांढरी एक, तिच्या वरची काळी पट्टी ती काळी एक, त्यापुढची काळी दोन, म्हणजे आमची डी शार्प. पेटीवाल्याला सगळ्या पट्ट्या समोर मांडलेल्या असतात. गिटारवर डी शार्पमध्ये उघड्या तारांनी काहीच नीट वाजत नाही, सगळे बार कॉर्ड, म्हणजे त्या एफसारखे आडव्या बोटाचे. त्यावर उपाय कॅपो. गळ्याला लावायचा चिमटा, आणि चिमट्यापासून पुढे तुमची गिटार नव्याने सुरू. सी शेप, म्हणजे सी कॉर्डचा बोटांचा आकार, धरून कॅपो तिसऱ्या फ्रेटला लावला की काळी दोन. काळी पाच हवी असेल तर जी शेप आणि कॅपो तीन. काळी चारला जी शेप, कॅपो एक. हा पाढा मी एका रात्रीत कागदावर लिहून काढला. तो कागद अजून बॅगेत आहे, पाठ होऊनही.

शिकाऊ मुलं कॅपोला नाक मुरडतात, म्हणे ती चीटिंग. त्यांनी स्पेनचं फ्लामेंको वाजवणाऱ्यांना विचारावं. तिकडे गाणाऱ्याचा गळा जिथे लागेल तिथे कॅपो सरकतो, कारण तिथली गिटार पूर्वापार गाण्याच्या साथीलाच बसत आली. पाको दे लुसियासारखा बोटांत वीज असलेला गिटारवालाही कामारोन दे ला इस्ला या गायकाच्या गाण्यामागे वर्षानुवर्षं साथीला बसला. मागे बसण्यात त्याला कमीपणा वाटला असता तर जग दोघांनाही मुकलं असतं.

पहिल्या शनिवारी मी सी शेप लावून बसले. काकांनी एक ओळ म्हटली, थांबले. पुन्हा म्हटली, पुन्हा थांबले. "गंधार चढतोय गं तुझा." मी ट्यूनर, म्हणजे सूर तपासायचं यंत्र, दाखवला, सगळे दिवे हिरवे. ते म्हणाले, "यंत्र बरोबर असेल. गंधार चढा आहे."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हे कळायला मला पुष्कळ वाचावं लागलं. सप्तकाचे १२०० बारीक भाग, म्हणजे सेंट, केले तर तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार षड्जापासून ३८६ वर येतो. गिटारचे फ्रेट कारखान्यात सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडून ठोकलेले असतात, म्हणून तिचा गंधार ४०० वर. चौदाचा फरक. रेडिओवरच्या गाण्यांवर वाढलेल्या माझ्या कानाला तो कळतही नाही, तानपुऱ्याशेजारी आयुष्य काढलेल्या कानाला टोचतो. पंचमात मात्र भांडण नाही, तिथे फरक जेमतेम दोनचा. पेटीचंही तेच दुखणं. असल्याच कारणांवरून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं होतं, ते १९७१ मध्ये किलकिलं झालं. काकांना हा इतिहास तोंडपाठ, पण पेटीवर त्यांनी जन्मभर गोड मानून घेतलं होतं. पेटीचं चालतं आणि माझं नाही, असं मी म्हटल्यावर म्हणाले, "पेटीवाला गंधारावर बोट ठेवून उचलतो. तू तो दणकन वाजवून सोडून देतेस, आणि तो रेंगाळतो."

खरंच होतं. सी शेपमध्ये गंधार दोनदा वाजतो, त्यातला एक सगळ्यात पातळ तारेवर, म्हणजे सगळ्यांच्या वर. त्यावर मी आठवडाभर डोकं खाजवलं. डी शेप धरून कॅपो पहिल्या फ्रेटवर आणला तरी काळी दोनच होते, आणि त्या शेपमध्ये गंधार एकाच तारेवर असतो, तीच ती पातळ तार. ती तार छेडलीच नाही तर उरतं सा, प, वरचा सा. पुढच्या शनिवारी तेवढंच वाजवलं. काका पूर्ण पद न थांबता गायले. संपल्यावर माझ्याकडे न बघता काकूंना म्हणाले, "चहा टाक, हिलाही."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं या आठवड्यात आहे. एक तार न छेडण्यासाठी मी रोज रात्री भांडी आवरून बसत होते. कुठल्याही क्लासच्या गृहपाठासाठी मी हे केलं नसतं. शनिवारी काका त्या गंधारावर गाता गाता अडणार, एवढं पक्कं माहीत होतं, म्हणून केलं. नंतर यमन आला. त्यातल्या तीव्र मध्यमासाठी रिषभावर मेजर कॉर्ड लावला की तो अंगावर येतो, हे सापडलं. मारवा आला तेव्हा मी गप्प बसले, कारण मारव्यात पंचम वर्ज्य आणि माझ्या सगळ्या साथीचा पायाच पंचम. काका हसले. "काब्रांनी गिटार मांडीवर आडवी उगाच नाही घेतली," म्हणाले. ब्रिजभूषण काब्रा, अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. फ्रेटची कटकट नको म्हणून तारेवरून पट्टी घसरवत वाजवायचे, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, हवी तशी. ते माझ्याच्याने होणार नाही. मारव्याला मी टाळ धरते.

माझ्यापेक्षा कितीतरी चांगली वाजवणारी माणसं मी सोडताना पाहिली आहेत. ऑफिसातला एक मुलगा विजेसारखा लीड, म्हणजे गिटारवर सुट्या सुरांची धून, वाजवायचा. लग्न झालं, कासारवडवलीला घर घेतलं, घोडबंदर रोडवरून येण्याजाण्यात संध्याकाळ संपली आणि गिटार भिंतीवर लटकली. वेळ नाही हे तो सांगतो ते खोटं नाही. पण वेळ मलाही नसतो. त्याचं वाजवणं एकट्याने ऐकवण्याचं होतं. ऐकणारे "वा" म्हणून घरी जायचे. तो आला नाही तर कुणाचं काही अडत नव्हतं. मी गेले नाही तर तिसऱ्या मजल्यावरून फोन येतो. माझं मत असं की हौशी माणसाने आधी साथ शिकावी. लीड नंतर शिकता येतं, आणि नाही आलं तरी कुणी विचारत नाही.

एकटीने वाजवत नाही असं नाही. वाजवते, बरंही वाटतं. पण नुसतं बरं वाटण्यावर जून-जुलै निघत नाहीत. ठाण्याचा पावसाळा गिटारीला मानवत नाही. लाकूड हवेतलं पाणी पितं, वरची फळी फुगते, तारा फ्रेटपासून उंच जातात, ब्राँझ गुंडाळलेल्या तारा काळ्या पडतात. अशा दिवसांत बोटं दुखत असताना गिटार कोण काढतं? शनिवारची बैठक ठरलेली असली तरच. (जाता जाता: येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी महागडी अस्सल सलग लाकडाची गिटार घेण्याआधी दोनदा विचार करावा. आमची थरांच्या लाकडाची एफ ३१० आवाजाला साधी, पण ओलाव्याला कमी दबते. तारा पुसून ठेवायच्या, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या आणि श्रावण गाठायचा.)

परवा ऑफिसातल्या एका मॅडमनी हाच प्रश्न विचारला, पण त्यांचं कारण वेगळं होतं. मुलाची गिटार पडून आहे, क्लास सोडला, विकून टाकू का? मी विचारलं, घरात गातं कोण? कुणीच नाही म्हणाल्या. मग हात धुताना हळूच, "म्हणजे मी गायचे थोडं, कॉलेजात. घरी कुणाला माहीत नाहीये." मी फोनवर ट्यूनर उघडला आणि म्हटलं, गुणगुणा काहीतरी, सा कुठे येतो बघू. बेसिनचा नळ चालू ठेवून त्या गुणगुणल्या, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. सा पांढरी पाचला निघाला. म्हणजे जी. मुलाला सांगा म्हटलं, कॅपोसुद्धा लागणार नाही. जी, सी, डी आणि ई मायनर एवढ्यात आईची निम्मी गाणी होतील, आणि एफ कुठेच येत नाही.