यिर्मया 29:11 च्या आधीची ओळ

परीक्षा असो, मुलाखत असो की नवी नोकरी, मोबाइलवर बायबलमधलं यिर्मया 29:11 हे वचन येतंच, मागे सूर्योदय. देवाने तुमच्या भल्याचं योजलंय म्हणे. योजलंय की! पण आधीचं दहावं वचन कुणी पाठवत नाही: बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, 70 वर्षं भरायची आहेत. हे यिर्मया संदेष्ट्याचं पत्र यरुशलेमहून तिथे बंदिवासात नेलेल्या सगळ्यांना आहे. घरं बांधा, बागा लावा, त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे त्यातल्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीची वाट दिसणारच नव्हती. हनन्या नावाचा खोटा संदेष्टा मात्र 2 वर्षांत सुटका सांगत होता. आज त्याचेच फॉलोअर जास्त असते, पैज लावा! मी हल्ली अ‍ॅपमधलं ‘आजचं वचन’ बंद ठेवते, अध्याय सलग वाचते. कंटाळा येतो कधीकधी. वंशावळ्यांचं तर विचारूच नका.